पहिल्या नंबरचा सभासद

मला लहानपणापासून तोंड फार. आई म्हणायची, हिला कोणी नोकरीवर ठेवलंच तर महिन्याभरात भांडून घरी येईल. पण मी टायपिंगची परीक्षा पास झाले आणि नागपूरच्या महाल भागात, भांड्यांच्या एका दुकानावरच्या खोलीत, संत्रा बागायतदारांच्या संघात मला नोकरी लागली. आम्ही घरचे विणकर. बाबांचा माग केव्हाच बंद पडला होता आणि ते इतवारीत एका कापडवाल्याकडे गठ्ठे सोडायला जायचे. संत्र्याशी आमचा संबंध म्हणाल तर सोलून खाण्यापुरता. बगीचा मी तोवर आतून पाहिलासुद्धा नव्हता. बांगलादेश होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट.

संघ म्हणजे काय, तर एक लाकडी कपाट, एक टाइपरायटर, दोन बाकं आणि मास्तर. मास्तर संघाचे चिटणीस होते. काटोलकडच्या शाळेतून रिटायर झालेले, घरचा लहानसा बगीचा, अंगात कायम खादीचा नेहरू शर्ट. सकाळच्या एसटीनं यायचे, दुपारी डबा खायचे आणि दिवसभर मला दिल्लीला पाठवायची पत्रं सांगायचे. सगळ्या पत्रांचा विषय एकच असायचा. खुर्ची.

ती खुर्ची काय ते आधी सांगते. आमचा संत्रा मालगाडीनं पूर्वेकडे जायचा, सीमेच्या पलीकडे बांगलादेशात. किती वॅगन जाऊ द्यायच्या आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे दिल्लीतली एक समिती ठरवायची. समितीत सरकारी अधिकारी होते, रेल्वेचा माणूस होता, व्यापाऱ्यांचा माणूस होता. पिकवणारा एकही नव्हता. परवानगी बंद व्हायची असली की दलालांना आठ दिवस आधी वास लागायचा आणि ते माल उचलणं थांबवायचे. आमच्या लोकांना कळायचं ते वॅगन सीमेवरच्या स्टेशनात अडकल्यावर. तिथंच माल सडायचा. मास्तर म्हणायचे, "आमाले दुसरं काई नाई पाह्यजे पोरी. एक खुर्ची पाह्यजे. बंद करून राहिले तं आमच्या तोंडावर बंद करा म्हणा."

मी पहिल्यांदा हसले होते. खुर्चीसाठी एवढा आटापिटा! मग मास्तरांनी मला सडलेल्या वॅगनींचे फोटो दाखवले आणि माझं हसू गेलं.

शेवटी दिल्लीहून उत्तर आलं. तुमच्या संघात बाग असलेले तीनशे सभासद आहेत हे सिद्ध करा. नावांची यादी पाठवा, प्रत्येकाची सही नाही तर अंगठा घ्या. मग आमचा अधिकारी नागपूरला येईल, समोर उभं करून हजेरी घेईल. तीनशे भरले तर समितीत एक जागा तुमची. मास्तरांनी ते पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि त्या दिवशी डबा खायचं विसरले.

दुसऱ्या रविवारी संघाची सभा होती. नावं वाचायचं काम माझ्याकडे आलं. जुनं लाल पाठीचं रजिस्टर होतं, त्यातून मी एकेक नाव वाचायचं आणि माणसानं "हाये" म्हणायचं. सुरुवातीला बरं चाललं. मग माझ्या लक्षात आलं की एकच म्हातारा तीन वेगवेगळ्या नावांना "हाये" म्हणून राहिला. खांबाजवळची एक बाई, डोक्यावर पदर घेतलेली, चांगल्या दांडग्या पुरुषाच्या नावाला "हाये" म्हणाली. आणि कोणी हसलं नाही. खरं सांगते, आमच्या महालातल्या एखाद्या सभेत असं काही झालं असतं तर लोकांनी शिट्ट्या मारल्या असत्या. इथं सगळे खाली मान घालून, चुपचाप.

"अहो, एकाच माणसानं तीनदा कसं हजर राहायचं?" मी जोरात म्हटलं. "ज्यांना यायचा कंटाळा आहे त्यांनी सरळ घरी बसावं ना!"

एकदम सगळे माझ्याकडे पाहायला लागले. चिडून नाही. मी जशी काही कोणाच्या घरी नको तेव्हा शिरले होते. मास्तर जवळ येऊन हळूच म्हणाले, "तू फक्त नाव वाच पोरी. बाकी काई पाहू नोको." मी वाचलं. पण माझ्या मनात ते ठसठसत राहिलं.

मग यादीवर सह्या घ्यायला गावोगाव जाणं आलं. मास्तरांचे गुडघे धरलेले, त्यामुळे मीच गेले. काटोलची एसटी, पुढे बैलगाडी नाही तर पायी. रजिस्टरात ज्याचं नाव सगळ्यात पहिलं होतं, त्याच्या गावी पोचले तेव्हा भर दुपार झाली होती. संघ काढला तेव्हा पहिलं नाव त्याचं लिहिलं गेलं, एवढंच मला माहीत होतं. पारावर बसलेल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "बगीच्यात हाये." पाणी भरणाऱ्या बाईला विचारलं. तीही म्हणाली, "बगीच्यातच असन न तो. दुसरीकडं कुठी जाईन?" आणि घागर घेऊन भराभरा निघून गेली.

बगीचा गावापासून लांब होता. काटेरी कुंपण, त्याला लाकडी फाटक. फाटकापाशी एक बाई भेटली, पन्नाशीची, डोक्यावर भाकरीचं फडकं. मी कोण, कशाला आले ते सांगितलं. तिनं मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "या. पण आत हळू बोला." कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. मला वाटलं, चला, मालकीणच भेटली, काम लवकर होईल.

आत गेले आणि काय सांगू! झाडांना एकाच वेळी फुलंही होती आणि फळंही. वास इतका दाट की मी नाकाला रुमाल लावला. बाहेर ऊन तापत होतं आणि आत चक्क थंड. एक पाखरू ओरडत नव्हतं. सगळी झाडं एका उंचीची, एका अंतरावर, कुठंही पाहिलं तरी ओळीच ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला अंधार. मी महालातली पोरगी, गर्दीत वाढलेली. इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं.

बाईनं एका मोठ्या झाडाखाली फडकं सोडलं. भाकर, चून म्हणजे आपलं पिठलं, आणि कांदा. पाण्याचा तांब्या ठेवला. मग झाडांकडे तोंड करून म्हणाली, "जेवून घ्या वेळेवर. नागपूरची बाई आली हाये, सही पाह्यजे म्हणते." तिनं माझ्या हातातला कागद आणि शाईचा डबा घेतला, आणि ओळीतून आत गेली. मी तिथंच उभी. दूरच्या ओळीत मला पांढरं धोतर दिसलं, वाकलेलं, आळ्यात पाणी फिरवत असल्यासारखं. मी हाक मारली, "अहो काका!" ते धोतर थांबलं. वळलं नाही. नुसतं थांबलं. मी दोन पावलं मागे सरले, का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

बाई परत आली. कागदावर पहिल्या नावासमोर अंगठा उमटला होता, शाई अजून ओली होती.

"मला त्यांना भेटता नाही का येणार?" मी विचारलं.

"कामात हायेत," ती म्हणाली. "चला, फाटकापर्यंत येतो मी."

फाटकाबाहेर आलो. तिनं फाटक ओढून घेतलं, कडी लावली. मग पदरानं कपाळावरचं कुंकू पुसलं, नीट घासून पुसलं, खूण राहू दिली नाही. एकेक बांगडी उतरवली आणि फाटकाच्या खिळ्याला अडकवली. खिळ्याखाली लाकडावर बांगड्यांनी घासून पांढरा पट्टा पडला होता. मी पाहतच राहिले.

"आता विचारा काय विचारायचं ते," ती म्हणाली. तिचा आवाजही बदलला होता, थकला होता. "आठ वर्षं झाली त्याईले जाऊन. आत बोलता येत नाई बाई. झाडं त्याईनं लावली. त्याईच्या हातची झाडं हायेत. मालक मेला असं झाडाच्या कानावर गेलं तं बहार धरत नाई."

माय वं! मी परत रस्त्याला कशी लागले आणि एसटीत कशी बसले, मला आठवत नाही. घरी गेल्यावर दोन दिवस ताप होता. आई म्हणाली, ऊन लागलं. मी कागदावरचा तो अंगठा पुन्हा पुन्हा पाहत होते. तिचाच असणार, दुसऱ्या कोणाचा असणार? धोतर म्हणजे एखादा गडी असेल. असं मी स्वतःला तेव्हाही समजावलं आणि आजही समजावते.

ताप उतरल्यावर ऑफिसात गेले आणि मास्तरांवर अशी काही उखडले की खालच्या दुकानातल्यानं भांडी वाजवणं थांबवलं. "मेलेल्या माणसांचा संघ चालवून राहिले तुम्ही! रजिस्टरात असे किती आहेत?"

मास्तर म्हणाले, "साठाच्या वर असतीन."

"मग त्यांच्या मुलांची नावं घाला ना! बागा तर आहेत!"

"पोराचं नाव घालाले बापाचं खोडा लागते पोरी. खोडल्याचा ठराव सभेत वाचा लागते. सभेतले सगळे दुसऱ्या दिवशी बगीच्यात जातात. कोणाच्या तोंडून निघून गेलं तं?" त्यांनी मान वर केली नाही. "माह्या चुलत भावाच्या बगीच्यात बाप गेल्यावर बायका रडल्या होत्या. झाडाखाली बसून, मेला मेला म्हणून. आठ दिवसात सगळी फळं हिरवीच गळाली. म्या सोता पाह्यली. शिकला-सवरला माणूस हाये मी, मले माहीत हाये तू काय म्हणशीन ते. पण तवापासून झाड उभं हाये तोवर नाव खोडत नाई कोणी. झाड तोडलं की नाव खोडतो."

"आणि सरकारला काय सांगायचं?"

"झाडं तं खरी हायेत न," मास्तर म्हणाले. "जित्या माणसांचे तीनशे होत नाईत. जागा हातची जाईन."

इथं मी नोकरी सोडायला हवी होती. सोडली नाही. मला त्या माणसाचा राग येत होता आणि त्याच माणसाला ती खुर्ची मिळावी असंही वाटत होतं. मी यादी टाइप केली. मास्तरांनी बजावलं होतं की गेलेल्यांची नावं मधे कुठंतरी पसरून टाक, सुरुवातीला नको. मी ऐकलं नाही. रजिस्टरात होता तोच क्रम ठेवला. पकडले जायचं तर पहिल्याच नावाला पकडले जाऊ आणि एकदाचं मोकळं होऊ, असं माझ्या भैताड डोक्यात होतं. सगळ्यात वर, अनुक्रमांक एक, त्या बगीच्यातल्या माणसाचं नाव. ती चूक माझी. मास्तरांनी कधी ती मला बोलून दाखवली नाही, म्हणून मीच सांगून टाकते.

हजेरीचा दिवस आला. नागपुरातच सदर भागातल्या एका मोठ्या हॉलात सकाळी अकराला सगळे जमले. सत्तर-ऐंशी गावांचे लोक, पागोटी, टोप्या, पिशव्या. दिल्लीचा अधिकारी टेबलामागे बसला, पेन उघडून. हरकत असली तर घ्यायला व्यापाऱ्यांनाही बोलावलं होतं. ते चार-पाच दलाल सगळ्यात मागच्या रांगेत, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, पान खात बसले. नावं वाचायला मीच उभी. कागद मी टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला.

पहिलं नाव वाचलं.

कोणी बोललं नाही. ती बाई काही हॉलात आलेली नव्हती, तिला कधी शहरात आणतच नव्हते. तिच्या घरचा दुसरा कोणी ठरवून ठेवायचं मास्तर विसरले होते. अधिकाऱ्यानं वर पाहिलं. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, झालं, सुटलो. एवढ्या मोठ्या हॉलात पंख्याचा तेवढा आवाज होता.

आणि "हाये" असं कोणीतरी म्हणालं.

म्हातारा, चिरका आवाज, खोकल्यानंतर येतो तसा. मागून आला. माणसं वळून पाहायला लागली. अधिकाऱ्यानं पाहिलंही नाही, नावासमोर खूण केली आणि म्हणाला, "नेक्स्ट." मी पुढचं नाव वाचलं. पुढं सगळं सभेत व्हायचं तसं झालं. पोरं बापाच्या नावाला उठली, पुतणे काकाच्या नावाला. काही जिवंत माणसं आलीच नव्हती, कोणाची एसटी चुकली, कोणाकडे लग्न होतं. शेवटी अधिकाऱ्यानं खुणा मोजल्या. बरोबर तीनशे. पहिला "हाये" आला नसता तर एक कमी पडला असता.

बाहेर आल्यावर मी मास्तरांना विचारलं, कोण बोललं? त्यांनी चार-पाच जणांना विचारलं. जो तो म्हणे, मी नाही, मला वाटलं अमक्या गावचा बोलला. मास्तर शेवटी म्हणाले, "मी त्याच्यासंगं वीस वर्षं होतो. आवाज त्याचाच होता." ते रडत होते की हसत होते मला समजून नाही राहिलं. लोकांनी मात्र त्या संध्याकाळी पेढे वाटले. मीही खाल्ले.

पावसाळ्यात दिल्लीचं पत्र आलं. इंग्रजीत होतं, मी मास्तरांना मराठीत वाचून दाखवत होते. संघाला मान्यता दिली आहे. समितीत बागायतदारांची एक जागा मंजूर केली आहे. मास्तरांनी हात जोडले. मग मी पुढची ओळ वाचली. सदर जागेवर यादीतील अनुक्रमांक एकच्या सभासदाची तीन वर्षांसाठी नेमणूक करण्यात येत आहे. नेमणूक व्यक्तिगत असून दुसऱ्या कोणास बदली पाठवता येणार नाही.

मी वाचायची थांबले. मास्तर म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. अगं बाई गं, धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं मला.

कोणी म्हणालं, त्याच्या नावानं दुसऱ्याला पाठवू, दिल्लीत कोण ओळखतो? मास्तर कडाडले, "त्याच्या नावाले हाये म्हणणं येगळं. तो होऊन बसणं येगळं. मी जित्ता हाये तोवर होणार नाई." मग ठरलं की खरं काय ते आत्ता सांगायचं नाही, नाही तर मान्यताच जाईल. बैठकीचं बोलावणं आलं की तब्येत बरी नाही म्हणून कळवायचं, आणि हळूहळू नाव बदलून घ्यायचं. पहिली बैठक दिवाळीनंतर होती. मी सीताबर्डीच्या तार ऑफिसात जाऊन तार केली. प्रतिनिधी आजारी आहेत, येऊ शकत नाहीत.

त्या वर्षी आंबिया बहार, म्हणजे दिवाळीच्या सुमारास उतरणारं पीक, असा आला होता की फांद्यांना टेकू द्यावे लागले. लोकांनी स्वतः वॅगन भरल्या, दलालांशिवाय, कारण आता आपली खुर्ची आहे, आपल्याला कळवल्याशिवाय काही बंद होणार नाही, अशी सगळ्यांची खात्री. आम्हीच ती करून दिली होती. मास्तर तसल्या गुडघ्यांनीसुद्धा गावोगाव सांगत फिरले होते. वॅगन निघाल्या, सीमेवर पोचल्या आणि परवानगी बंद झाली. मुदतीच्या तीन आठवडे आधी.

पुढच्या आठवड्यात बैठकीचा वृत्तांत टपालानं आला. मी लिफाफा फोडला. वर उपस्थितांची नावं होती. पाचवं नाव आमच्या अनुक्रमांक एकचं. उपस्थित. खाली लिहिलं होतं, परवानगी मुदतीपूर्वी बंद करण्यास बागायतदारांच्या प्रतिनिधींनी हरकत नसल्याचे सांगितले. शेवटच्या पानावर सगळ्यांच्या सह्या होत्या आणि त्यांच्यात एक अंगठा होता.

खोलीत मी एकटी होते, भर दिवसा, खाली रस्त्यावर रिक्षांच्या घंट्या वाजत होत्या, आणि मला वळून मागच्या बाकाकडे पाहायची हिंमत होईना. मला वाटलं तो तिथं बसला आहे.

मास्तर आल्यावर मी त्यांना वृत्तांत वाचून दाखवला, पण ते माझ्यासारखे घाबरले नाहीत. ते हळूच म्हणाले, "मागच्या रांगेत कोण बसलं होतं, पोरी?" मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दलाल. गावोगाव माल घेत फिरणारी माणसं ती, कोणता बागायतदार कधी मेला हे त्यांना आमच्याहून जास्त माहीत. समितीत त्यांचा माणूस होताच, पहिल्या नावाला खुर्ची मिळणार हेही त्यांना आधीच कळलं असणार. आमचा मेलेला माणूस त्यांनी हॉलात जिवंत केला, आम्ही पेढे वाटले, आणि आता त्याला कोट चढवून दिल्लीत आमच्या खुर्चीवर बसवला. आम्ही ओरडलो तर काय म्हणून ओरडणार? तो मेला आहे, असं? मग तीनशेमध्ये त्याला हजर कोणी केला?

"पण आवाज?" मी विचारलं.

"आवाज त्याचाच होता," मास्तर म्हणाले, आणि पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत.

सभा बोलावली. माणसं मास्तरांच्या अंगावर धावून गेली, एकानं तर माझ्या टाइपरायटरला लाथ मारली. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही. अर्धे म्हणत, गप्प बसा, निदान मान्यता तरी राहील. अर्धे म्हणत, असली मान्यता जाळायची का? तेवढ्यात ती बाई उठली. बगीच्यातली. कोणाच्या तरी बैलगाडीनं, मग एसटीनं, आयुष्यात पहिल्यांदा नागपूरला आली होती. कपाळ उघडं.

"सांगून टाका सरकारले," ती म्हणाली. "माहा मालक मेला हाये. लोकाईच्या पोटावर पाय देणारा तो नव्हे. त्याचं नाव घेऊन कोणी तसं करून राहिलं, तं मले आठ वर्षांपेक्षा जास्त दुखून राहिलं."

"आणि झाडं?" कोणीतरी विचारलं.

"झाडाईले मी सांगतो," ती म्हणाली.

तिनं सांगितलंही. तिच्याबरोबर मी गेले होते. कुंकू न लावता ती फाटकातून आत गेली, त्या मोठ्या झाडाला हात लावला आणि मोठ्यानं म्हणाली, "गेला तो. आठ वर्षं झाली. मी खोटं बोलली तुमच्याशी." मग ती मटकन खाली बसली आणि पहिल्यांदा रडली. मी तिला धरून बसले. मलाही रडू आवरेना.

आम्ही पत्र लिहिलं. काहीही लपवलं नाही. सगळ्यांच्या वतीनं मास्तरांनी सही केली. लिहिलं होतं, मान्यता काढून घेतली तरी चालेल, पण त्या खुर्चीवर बसणारा माणूस तो नव्हे, तो आठ वर्षांपूर्वी वारला, त्याला तिथून उठवा. मृत्यूचा दाखला जोडायला हवा होता. तलाठ्याकडे गेलो, गावातले जन्म-मृत्यू लिहितात ते कोतवालाचं बुक पाहिलं. नोंदच नव्हती. कोणी कधी तोंडानं सांगितलंच नव्हतं, तर नोंद कशी होणार? सातबाऱ्यावर तोच मालक, मतदार यादीत तोच. गावातल्या पंचवीस माणसांनी लिहून दिलं की आम्ही त्याला खांदा दिला. ते कागद जोडले आणि मी स्वतः पोस्टात जाऊन रजिस्टर केलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. लहानसं होतं. सदर सभासदाच्या मृत्यूचा कोणताही शासकीय पुरावा आपण जोडलेला नाही. सदर सभासद मागील बैठकीस स्वतः उपस्थित होते, व आपल्या पत्राबाबत विचारणा केली असता त्यांनी आपण हयात असल्याचे समितीस समक्ष सांगितले. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

मास्तरांनी तो कागद माझ्याकडून घेतला. इंग्रजी त्यांना फारसं येत नव्हतं, तरी बराच वेळ पाहत राहिले. त्यांना पाणी दिलं, ते प्यायले नाहीत.

त्याची मुदत तीन वर्षांची होती. दर बैठकीचा वृत्तांत आमच्या पत्त्यावर येत राहिला आणि मी तो फाइलला लावत राहिले. तो एकाही बैठकीला गैरहजर राहिला नाही.